दर दोन तासांनी

युद्ध आणि नर्स हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र आठवतं. रात्रीची वेळ, लांबलचक वॉर्ड, हातात दिवा. चित्र खोटं नाही, पण त्यात नर्स फिरताना दिसते, काम करताना दिसत नाही. १८५४ पासून स्कुतारीच्या इस्पितळात नाइटिंगेलबाईंनी जे घडवलं, त्यात दिव्यापेक्षा साबण, धुतलेल्या चादरी, स्वयंपाकघर आणि मृत्यूंच्या नोंदवह्या यांचा वाटा मोठा होता. तरी लोकांच्या मनात राहिला तो दिवाच. नर्स म्हणजे माया, ही समजूत त्या दिव्याने पक्की केली आणि त्यात नर्सच्या कसबाचं नुकसान झालं, असं माझं मत आहे. माया हवीच. पण नुसत्या मायेने सडणारी जखम थांबत नाही.

मग काम चालतं कसं? ते समजून घ्यायला पहिल्या महायुद्धातली फ्रान्स-बेल्जियमची आघाडी घेऊ, आणि तिथलं ब्रिटिश सैन्य. या आघाडीची कागदपत्रं भरपूर आहेत. तिथल्या ब्रिटिश नर्सिंगची प्रमुख मॉड मॅकार्थी, मूळची सिडनीची. ती ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सला उतरली आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिली. कोणती नर्स कुठे पाठवली, कुठे माणसं कमी पडली, कोण आजारी पडली, याची कचेरीतली नोंद ती रोजच्या रोज ठेवत असे. दुसरी केट लुआर्ड. बोअर युद्धात काम केलेली, चाळिशी ओलांडलेली ही सिस्टर आधी इस्पितळ-गाडीवर आणि मग आघाडीजवळच्या तंबूंत होती. ती घरी सविस्तर पत्रं लिही. या दोघींच्या लिखाणात भावनेपेक्षा तपशील जास्त आहे, म्हणूनच ते उपयोगाचं आहे.

एक जखमी कल्पनेने धरू. साल १९१७, जागा बेल्जियममधलं ईप्र. ३१ जुलैला मोठी चढाई सुरू झाली आणि त्याच दिवशी पाऊसही. आपल्या शिपायाच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा शिरलाय. हाड मोडलंय, आणि तुकड्याबरोबर पँटचं कापड आणि चिखलही आत गेलाय.

पहिल्या काही तासांत त्याला नर्स भेटणारच नाही. अंगरख्याच्या खिशात शिवलेली पट्टी तो स्वतः बांधतो, नाहीतर शेजारचा सोबती बांधतो. मग स्ट्रेचरवाले. एरवी चौघे पुरतात, पण त्या चिखलात एका स्ट्रेचरला सहा-आठ माणसं लागत आणि थोडंसं अंतर काटायला तासन्‌तास जात. पलटणीचा डॉक्टर एखाद्या खंदकात किंवा पडक्या घराच्या तळघरात बसलेला असतो. रक्त थांबवणं, मॉर्फिन टोचणं, मोडलेला पाय बांधणं, कोटाच्या गुंडीला चिठ्ठी अडकवणं, एवढंच त्याच्या हातात असतं. पाय बांधायला थॉमस स्प्लिंट नावाची लांब लोखंडी चौकट वापरत. जांघेत बसणारी कडी आणि तिच्यापासून पावलापलीकडे जाणाऱ्या दोन सळया. पाय खाली ओढून धरला की मोडलेली टोकं आत मांस फाडत नाहीत आणि रक्तस्राव कमी होतो. बूट आणि कपडे न काढता, डोळे बांधूनही ही चौकट चढवता यावी, अशी कवायत स्ट्रेचरवाल्यांकडून करून घेत. युद्धाच्या सुरुवातीला मांडी फुटलेले बहुतेक जण दगावत असं त्या वेळचे सर्जन सांगत. १९१७ च्या आरासच्या लढाईत अशा १,००९ जखमींपैकी दगावले ते शंभरी सोळाच्या आत. त्यामागे ही चौकट होती आणि ती वेळेवर चढवणारे हात होते.

पुढच्या ठाण्यावर धनुर्वातावरचं सीरम टोचलं जातं आणि न पुसणाऱ्या पेन्सिलीने मनगटावर किंवा कपाळावर ‘टी’ लिहितात. मग मोटार-रुग्णवाहिका. तिच्या शेवटच्या थांब्याला त्याला पहिली नर्स दिसते.

या थांब्याचं नाव कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, थोडक्यात सीसीएस. नाव ऐकून मोठी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. रेल्वेरुळाच्या कडेला मोठाले तंबू, काही लाकडी झोपड्या, चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटा. सैन्याच्या मूळ योजनेत इथे बायका नव्हत्याच. जखमींना गोळा करून मागे पाठवायचं, एवढंच या ठाण्याचं काम ठरलं होतं. १९१४ च्या शरदात जखमींचा लोंढा आला तेव्हा ती कल्पना कोलमडली. मागच्या इस्पितळापर्यंतचा प्रवास न झेपणारे शेकडो जण तिथेच पडून राहू लागले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून नर्सेसना पुढे आणावं लागलं. आधी एका ठाण्याला पाच-सात. पुढे मोठ्या लढाईच्या तोंडावर पंचवीस किंवा त्याहूनही जास्त. हा निर्णय दयेपोटी झाला नव्हता. ऑर्डर्ली म्हणून नेमलेले शिपाई कष्टाळू होते, पण नाडी कधी दगा देणार हे त्यांना कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं त्यांना आघाडीपासून दूर ठेवणं परवडेना.

ही ठाणी बहुधा दोन-तीनच्या गटाने असत. एकाने ठरावीक संख्येपर्यंत जखमी घ्यायचे, मग दार बंद करून हातातलं काम उपसायचं. तोवर दुसरं ठाणं उघडायचं. लुआर्डकडे १९१७ मध्ये ब्रँडहूकचं ३२ क्रमांकाचं ठाणं होतं, ईप्रपासून काही किलोमीटरवर. पोट, छाती आणि मांडी, या तीन प्रकारच्या जखमांसाठी ते मुद्दाम इतकं पुढे आणलं होतं. पोटाची जखम काही तासांत उघडली तरच माणूस वाचण्याची आशा, हे तोवर कळून चुकलं होतं. मागे नेण्यात वेळ दवडायचा नाही, म्हणून ऑपरेशनचं टेबलच पुढे न्यायचं.

आपला शिपाई स्वागत-तंबूत पोहोचला. भिजलेला, गारठलेला, चेहरा राखेसारखा. कात्रीने कपडे कापून काढले जातात. चिखलाने थबथबलेला कोट एकट्या माणसाला उचलवत नाही. घोंगड्या येतात, गरम पाण्याच्या बाटल्या येतात. साखर घातलेला गरम चहा येतो, पण सगळ्यांसाठी नाही. पोटात जखम असलेल्याला थेंबभरही द्यायचा नाही, मग तो कितीही विनवो. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठीवर असतंच असं नाही. चिठ्ठी भिजलेली असते, अक्षर फिसकटलेलं असतं. नर्स घोंगडी वर करून स्वतः बघते.

इथून चार वाटा फुटतात. प्रवास झेपेल असे जखमी पट्टी बदलून गाडीकडे. ताबडतोब ऑपरेशन हवं असे थिएटरच्या रांगेत. ऑपरेशन हवं, पण तूर्त त्यात जीव जाईल असे आधी सावरण्याच्या तंबूत. आणि काहीच करण्यासारखं उरलं नाही असे वेगळ्या तंबूत. निवड डॉक्टर करतो. पण डॉक्टर प्रत्येकापाशी मिनिटभर थांबतो आणि पुढे जातो. त्यानंतरच्या तासात माणूस वर येतोय की खाली जातोय, हे तिथे असलेल्या नर्सलाच दिसतं. नाडी बारीक आणि भरभर झाली, कपाळाला गार घाम आला, ओठ पांढरे पडले, आतापर्यंत कण्हणारा एकाएकी गप्प झाला. शेवटची खूण अनुभवी सिस्टर फार गंभीर मानत. आरडाओरडा करणाऱ्यापाशी कोणीही धावतं. गप्प झालेल्याकडे बघायला शिकावं लागतं.

सावरण्याच्या तंबूत आपल्या शिपायाचं स्ट्रेचर लाकडी घोड्यांवर ठेवतात, घोंगड्या दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडतात आणि खाली स्टोव्ह पेटवतात. कातडीखालून किंवा गुदद्वारावाटे सलाइन द्यायचं. १९१७ मध्ये शिरेतून बाभळीच्या डिंकाचं द्रावण द्यायची पद्धत आली, आणि रक्त देणंही वाढत होतं. त्यासाठी किरकोळ जखमी झालेल्या शिपायांतून रक्तदाते निवडत. त्यांना बदल्यात रजा मिळायची, म्हणून हात पुढे करणारे कमी नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कांब्रेच्या लढाईत ऑसवल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने सायट्रेट घालून बाटलीत साठवलेलं रक्त वापरलं. आजच्या रक्तपेढीचा उगम तिथे शोधतात. मात्र बाटली कोणाची असो, रक्त किती वेगाने द्यायचं, देताना हुडहुडी भरते का, रक्तदाब चढतो का, हे बघत कोणीतरी शेजारी बसावं लागतं. दाब पुरेसा चढला की नर्स डॉक्टरला हाक मारते. तीच ऑपरेशनची वेळ.

आशा सोडलेल्यांच्या तंबूबद्दल फार लिहिलं जात नाही. तिथेही नर्स असत. मॉर्फिन देणं, तोंड ओलं करणं, निरोप ऐकणं ही कामं होतीच. त्याखेरीज आणखी एक होतं: निवड चुकलेली माणसं हेरणं. तिथून काही जण पुन्हा सावरण्याच्या तंबूत आणले गेले आणि जगले. वर्गवारी पुन्हापुन्हा तपासावी लागते हा धडा आजच्या आपत्कालीन विभागांनाही लागू आहे.

ऑपरेशन थिएटर म्हणजे एकाच झोपडीत तीन-चार टेबलं. लढाई पेटली की दुसऱ्या ठाण्यांवरून तुकड्या उसन्या येत: एक सर्जन, एक भूल देणारा, एक सिस्टर, एक ऑर्डर्ली. सोळा-सोळा तास सलग काम. प्रायमस स्टोव्हवर हत्यारं उकळत, ड्रेसिंगचे डबे वाफेवर निर्जंतुक करून ठेवलेले असत. एकाची जखम बांधून होईस्तोवर पुढचा तयार हवा. टेबल रिकामं राहिलं तर बाहेरच्या रांगेत कोणीतरी मरतं. हा वेग राखणं सिस्टरच्या हाती असे.

सर्जन इथे काय करतो? मेलेलं मांस, कापडाचे तुकडे, लोखंड, चिखल, सगळं कापून काढतो आणि जखम उघडी ठेवतो. शिवत नाही. फ्लँडर्सची जमीन शतकानुशतकं शेणखत घातलेली, त्या मातीत गॅस गँगरीनचे जंतू ठासून भरलेले. हवा लागली नाही की ते फोफावतात. पायात वायू धरतो, कातडीखाली बोटाने दाबलं तर कुरकुर लागते, एक विशिष्ट दुर्गंधी येते आणि एक-दोन दिवसांत माणूस जातो. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती. रणांगणावर ते पोहोचलं दुसऱ्या महायुद्धात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं ऑपरेशन आटोपल्यावर जंतूंशी लढायला एकही औषध नाही. पुढचे दहा-पंधरा दिवस लढायचं ते हातांनी.

ते कसं लढत, हे मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फ्रान्समध्ये काँपिएनच्या इस्पितळात अलेक्सिस कारेल हा सर्जन आणि हेन्री डेकिन हा रसायनतज्ज्ञ यांनी जखम सतत धुण्याची पद्धत बसवली. उघड्या जखमेत रबराच्या बारीक नळ्या सोडायच्या. त्यांची टोकं बांधलेली, अंगाला छोटी छोटी भोकं. आपल्याकडे द्राक्षबागेत ठिबक घालतात तशीच ही रचना: द्रावण एका जागी ओतायचं नाही, ते प्रत्येक कोपऱ्यात झिरपलं पाहिजे. वर टांगलेल्या बाटलीतून दर दोन तासांनी, दिवसरात्र, हायपोक्लोराइटचं द्रावण सोडायचं. त्याची तीव्रता ०.४५ ते ०.५ टक्के. त्याखाली गेली तर जंतू मरत नाहीत, वर गेली तर चांगलं मांस जळतं. द्रावण शिळं चालत नाही. भोवतालच्या कातडीला चटका बसू नये म्हणून व्हॅसलिन लावलेली पट्टी नीट बसवायची. एखादी नळी तुंबली किंवा सरकली तर तो कोपरा कोरडा राहतो, आणि गँगरीन तिथूनच सुरू होतं. अधूनमधून जखमेतला स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे. संख्या पुरेशी खाली आली की मगच सर्जन जखम शिवतो.

पद्धतीला नावं कारेल आणि डेकिनची. पण पद्धत चालली ती या दोन तासांच्या फेऱ्यांवर. वॉर्डात चाळीस जखमी आणि त्यांतल्या पंधरा-वीस जणांना नळ्या असल्या, तर एक फेरी संपते तोवर दुसरीची वेळ होते. काही सर्जन या पद्धतीला नाकं मुरडत. नीट कापून काढलेली जखम साध्या सलाइननेही बरी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्यही होतं. पण जिथे ही पद्धत फसली, तिथे ती नेमाने चालवायला पुरेशा नर्सेस नव्हत्या, ही तक्रारही सारखी कानावर येई. यंत्र अर्धवट चालवून ते निकामी ठरवायची खोड जुनीच आहे.

आपल्या शिपायाच्या खाटेशी एवढंच काम नाही. पायाची बोटं बाहेर ठेवून तासातासाला बघायची: गार पडली का, निळी पडली का, हलतात का. थॉमस स्प्लिंटची कडी जांघेत रुतते, तिथे कातडी रोज साबण-पाण्याने पुसून कडीची जागा थोडी सरकवायची. टाचेखाली घडी, पाठीला स्पिरिट, अंगाखालच्या चादरीला सुरकुती नाही. पाठीला जखम झाली तर मांडी बरी होऊनही माणूस वाचेलच असं नाही. शिवाय आठ-दहा दिवसांनी, सगळं ठीक दिसत असताना, कुजलेली रक्तवाहिनी अचानक फुटते आणि मिनिटा-दोन मिनिटांत खेळ संपतो. म्हणून अशा खाटेच्या उशाशी रक्त आवळायचा पट्टा टांगलेलाच असे. डॉक्टर येईपर्यंत थांबायला सवड नसते. जी नर्स जवळ असेल तिने पट्टा आवळायचा.

१९१७ च्याच जुलैत जर्मनांनी ईप्रला मस्टर्ड गॅस पहिल्यांदा वापरला. गॅसने पोळलेल्यांची शुश्रूषा करताना त्यांच्या कपड्यांतून येणाऱ्या वाफेने नर्सेसचे घसे बसत, डोळे चुरचुरत. इलाज साधाच: कपडे तत्काळ काढा, सगळं अंग धुवा, डोळे सोड्याच्या पाण्याने धूत राहा, फोडांवर घोंगडीचा भार पडू देऊ नका. यातलं एकही काम डॉक्टरचं नव्हतं.

आणि पत्रं. जो दगावला त्याचं घड्याळ, अंगठी, फोटो पिशवीत घालायचे आणि घरच्यांना लिहायचं. लुआर्ड ही पत्रं रात्री लिही. मोठ्या लढाईनंतर त्यांचा ढीग साचे. सरकारी तारेत फक्त नाव आणि तारीख असे. मुलगा कुठे, कोणाच्या समोर, कशाने गेला हे आईला कळायचं ते या पत्रातूनच. मला हे शुश्रूषेचंच काम वाटतं, फक्त रुग्ण दुसरा.

सीसीएसला प्रवासायोग्य झालेला शिपाई इस्पितळ-गाडीत चढतो. एका गाडीत चार-पाचशे जखमी, तीन मजली बर्थ आणि सिस्टर्स साधारण तीन. बाकी ऑर्डर्ली. १९१४ च्या पहिल्या गाड्यांना डब्यातून डब्यात जायची वाटही नव्हती. लुआर्ड आणि तिच्या सोबतिणी बाहेरच्या पायफळीवरून, कंदील घेऊन, एका डब्यातून दुसऱ्यात जात. पुढे खास बांधलेल्या गाड्या आल्या. गाडी कधी सुटेल आणि कुठे रेंगाळेल याचा भरवसा नसे. सैन्याच्या दारूगोळ्याला रूळ आधी. म्हणून कुठला बर्थ आधी बघायचा याची यादी सिस्टर डोक्यात ठेवी. रक्ताने भिजलेली पट्टी वरच्या बर्थवर असली तर खालच्याच्या अंगावर थेंब पडून मगच कळतं, हे एकदा अनुभवलं की पुन्हा वरपासून सुरुवात.

शेवटी किनाऱ्याजवळचं मोठं इस्पितळ: एताप्ल, रूआँ, बुलोन्य. एकेका ठिकाणी हजारावर खाटा. इथे शिकलेल्या नर्सेसच्या हाताखाली व्हीएडी नावाच्या स्वयंसेविका असत. बहुतेक सुखवस्तू घरांतल्या मुली, थोडंफार प्रशिक्षण घेतलेल्या. यांतल्या व्हेरा ब्रिटनचं आत्मचरित्र पुढे गाजलं आणि त्या युद्धातली नर्स म्हणजे व्हीएडी अशी लोकांची कल्पना झाली. प्रत्यक्षात सीसीएसमध्ये व्हीएडींना सहसा घेत नसत. दोघींत कुरबुरही असे. तीन वर्षं इस्पितळात घासून शिकलेल्या सिस्टरला तीन महिन्यांत पांढरा डगला चढवणाऱ्या श्रीमंत पोरींचं कौतुक खपत नसे, आणि माझी सहानुभूती सिस्टरकडे आहे. अर्थात व्हीएडी नसत्या तर चादरी कोणी बदलल्या असत्या, हाही प्रश्न आहेच. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्करी नर्सिंग सेवेत जेमतेम तीनशे जणी होत्या. शेवटी राखीव मिळून दहा हजारांवर.

ही साखळी तुटली तर काय होतं, याचं उत्तर आपल्या ओळखीच्या माणसांनी दिलंय. १९१५ साली मेसोपोटेमियात लढणारी सहावी डिव्हिजन ही पुण्याची होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबरला टेसिफोनला लढाई झाली आणि साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. मागे न्यायला होत्या स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या. मोडक्या हाडांची माणसं त्यांतून नदीकाठी आणली. तिथून बसऱ्यापर्यंत बोटी. मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने बसऱ्याला लागलेल्या ‘मजीदिया’ बोटीचं वर्णन केलंय: उघड्या डेकवर दाटीने टाकलेले जखमी, दिवसेंदिवस न बदललेल्या पट्ट्या, जखमांत किडे, हगवण लागलेल्यांना हलवायला कोणी नाही, बोटीच्या कडांवरून ओघळलेली विष्ठा. आवाज उठवला म्हणून कार्टरलाच दमदाटी झाली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या बोटीवरच्या जखमींना बंदुकीच्या गोळीने जितकं मारलं नसेल तितकं न बदललेल्या पट्टीने मारलं. सरकार डॉक्टर आणि बोटी मोजत होतं. पट्टी कोण बदलणार हे कोणी मोजलंच नव्हतं.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात वर्णाचा काटा आहे. इंग्लंडात ब्रायटनला त्यांच्यासाठी उत्तम इस्पितळं उघडली. पण गोऱ्या नर्सने हिंदी शिपायाला हात लावावा हे लष्करी खात्याला रुचेना. सिस्टर्सनी ऑर्डर्लींवर फक्त देखरेख करायची असं ठरलं, आणि १९१५ मध्ये ब्रायटनहून त्यांना त्या देखरेखीवरूनही हटवण्यात आलं. तिथल्या एका राजवाड्याच्या घुमटाखाली खाटा होत्या, छायाचित्रं छापून आली; शिकलेले हात मात्र दूर ठेवले.

पुढे आणलेल्या नर्सेसना धोका होताच. २२ जुलै १९१७ च्या रात्री त्र्वा आर्ब्र इथल्या ऑस्ट्रेलियन ठाण्यावर बॉम्ब पडले. कोसळलेल्या तंबूंत रुग्णांपाशी राहिलेल्या चार नर्सेसना मिलिटरी मेडल मिळालं. महिन्याभराने, २१ ऑगस्टला, ब्रँडहूकवर तोफगोळे आले. शेजारच्या ४४ क्रमांकाच्या ठाण्यातली नेली स्पिंडलर ही सव्वीस वर्षांची नर्स मारली गेली. लायसेनहूकच्या लष्करी दफनभूमीत दहा हजारांवर पुरुषांमध्ये ती एकटी बाई आहे.

युद्धाने या बायकांना काय दिलं? १९१८ मध्ये डॉक्टर कमी पडले म्हणून ब्रिटिश नर्सेसना भूल द्यायचं शिक्षण दिलं. अमेरिकन नर्सेस हे काम आधीपासून करत होत्या. ब्रिटिश नर्सेसनीही ते चोख केलं. युद्ध संपलं आणि ब्रिटनमध्ये ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. अमेरिकेत ते टिकलं, आजही आहे. नर्सेसच्या अधिकृत नोंदणीचा कायदा ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१९ मध्ये झाला. त्यासाठीची मागणी युद्धाच्या कितीतरी आधीची. कॅनडाच्या नर्सेस अधिकाऱ्याच्या हुद्द्यानेच फ्रान्सला आल्या होत्या, ब्रिटिशांना तो दर्जा मिळायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. वॉर्डात शंभर ऑर्डर्लींवर हुकूम चालवणाऱ्या सिस्टरला कागदोपत्री कुठलाच हुद्दा नव्हता. ती हुकूम चालवी तो केवळ कामाच्या जोरावर.

हिंदुस्थानात लष्करी नर्सिंगची सुरुवात १८८८ मध्ये झाली. कॅथरीन लॉक आणि त्यांच्या सहकारी, एकूण दहा जणी, मुंबईच्या बंदरात उतरल्या. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची स्थापन झाली, आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातल्या नर्सेस अधिकारी झाल्या. आज पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) शिकून बाहेर पडणारी नर्स लेफ्टनंट म्हणून रुजू होते.

ज्यांना आणखी वाचायचं असेल त्यांनी केट लुआर्डची पत्रं मिळवावीत. इस्पितळ-गाडीवरच्या दिवसांचं पुस्तक १९१५ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापलं गेलं. ब्रँडहूकची पत्रं ज्यात आहेत ते ‘अननोन वॉरियर्स’ १९३० मध्ये तिच्या नावानिशी आलं. वाचायचं तर दुसऱ्यापासून सुरुवात करा, आणि ऑगस्ट १९१७ ची पानं आधी काढा.